अंगुस्तानावरचे खड्डे

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांतून मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्या हौशी माणसाला सोन्याचे नाणे क्वचितच मिळते. हाताला लागतात त्या गुंड्या, बकले, शिशाचे तुकडे आणि अधूनमधून बोटाच्या पेराएवढी, हिरवी पडलेली, बहुधा नांगराखाली चेपलेली एक पितळी टोपी. शिवताना सुई रेटायला बोटात घालायचे ते अंगुस्तान. नाण्यावर राजाचे नाव असते, पुष्कळदा सालही असते. अंगुस्तानावर बहुतेक वेळा एक अक्षरसुद्धा नसते. तरीही पहिला प्रश्न 'हे किती जुने' हाच असतो, आणि वस्तू काळवंडलेली, वाकडी, ओबडधोबड असली की 'मध्ययुगीन असणार' हे उत्तर चटकन तोंडात येते. हे उत्तर कधी बरोबर निघते, पण ते ज्या आधारावर दिलेले असते तो आधार कच्चा आहे. मातीत चाळीस वर्षे पडलेले पितळही चारशे वर्षांच्या पितळाइतके जुनाट दिसू शकते. वय सांगतात त्या घडणीच्या खुणा, आणि त्याही फक्त एका बाजूने बोलतात. 'ही वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही' एवढे त्या ठामपणे सांगतात. ती अमुक काळानंतरची नाही, हे ठरवायला वस्तू पुरत नाही. त्यासाठी ती कुठे आणि कशासोबत मिळाली हे माहीत असावे लागते. शिवणकामाच्या या किरकोळ वस्तूंचा सगळा अभ्यास या दोन बाजूंच्या फरकावर उभा आहे.

सुरुवात करायची ती अंगुस्तानाच्या अंगावरच्या बारीक खड्ड्यांपासून. सुईचे डोके निसटू नये म्हणून ते असतात. ते कसे पाडले, हे भिंगाखाली स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये मिळणारी सर्वांत जुनी ठोस अंगुस्ताने चौदाव्या-पंधराव्या शतकांतली आहेत. ती बुटकी, घुमटाकार, जाड भिंतीची, ओतून केलेली असतात. खड्डे एकेक करून हाताने पाडलेले, त्यामुळे ओळी सरळ निघालेल्या असतात आणि पुढे जाऊन डगमगतात; कुठे दोन खड्डे एकमेकांवर चढलेले, तर कुठे जागा उरली म्हणून अंतर वाढवलेले. घुमटाचा माथा पुष्कळदा कोरा सोडलेला असतो. सोळाव्या शतकात जर्मनीतले न्युरेम्बर्ग शहर या धंद्याचे मोठे केंद्र झाले. तिथल्या कारागिरांची अंगुस्ताने पातळ, पितळी पत्र्यातून उठवलेली, आधीपेक्षा उंच आणि हलकी असतात. त्यांचे खड्डे काठापासून निघून नागमोडी न जाता नागाच्या वेटोळ्यासारखे फिरत माथ्यापर्यंत चढतात. हे वेटोळे जिथे सुरू होते तिथे कधीकधी एक इवलीशी खूण ठोकलेली असते: पान, चांदणी, फुली असे काहीतरी. ती कारागिराची खूण. घाईत साफ केलेल्या नगावरून ही खूण सर्वांत आधी नाहीशी होते, आणि सांगण्यासारखे सर्वांत जास्त तिच्याजवळच असते.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून खड्ड्यांची जात बदलते. आता कारागीर एकेक खड्डा ठोकत बसत नाही. अंगुस्तान लेथवर फिरते आणि दातेरी चाक त्यावर दाबून खड्ड्यांचा अख्खा पट्टा एका दमात उमटवला जातो. इंग्लंडमध्ये या बदलाशी जोडलेले नाव जॉन लॉफ्टिंग या डच माणसाचे. आग विझवण्याच्या पंपाचे पेटंट आधीच नावावर असलेल्या या गृहस्थाने १६९३ मध्ये अंगुस्ताने बनवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा कारखाना आधी लंडनजवळच्या इस्लिंग्टनमध्ये होता. पुढे त्याने तो टेम्स नदीकाठी ग्रेट मार्लो या गावी हलवला, कारण तिथे पाणचक्कीचे बळ फुकट मिळत होते. वर्षाला वीस लाखांवर नग तिथे तयार होत, असे सांगितले जाते. त्याच्या प्रकारची अंगुस्ताने वाळूच्या साच्यात ओतलेली आणि भक्कम असतात. वरच्या भागावर चौकटी-चौकटींचे एकसारखे खड्डे, खाली साधा पट्टा आणि काठाला कडा. इंग्रजी शेतांत ती इतकी मिळतात की मुरलेले डिटेक्टरवाले त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत. खरे तर एवढा निश्चित आरंभबिंदू असलेल्या घरगुती वस्तू फार थोड्या. यंत्राने उमटवलेला पट्टा दिसला की ते अंगुस्तान चौदाव्या किंवा पंधराव्या शतकातले नाही, हे डोळे मिटून सांगता येते.

उलटे मात्र सांगता येत नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. यांत्रिक खड्डे म्हणजे नंतरचे, हे खरे. म्हणून हाताचे खड्डे म्हणजे आधीचे, असा निष्कर्ष निघत नाही. नवे यंत्र एका गावात आले म्हणून दुसऱ्या गावातल्या कारागिराने हातोडी खाली ठेवली नव्हती. हाताने ठोकलेली अंगुस्ताने यांत्रिक मालाच्या शेजारीच विकली जात होती. शिंप्याचे दोन्ही तोंडांनी उघडे, अंगठीसारखे अंगुस्तान तर कालगणनेला जवळजवळ दादच देत नाही. शिंपी सुई बोटाच्या टोकाने ढकलत नाही, बाजूने रेटतो; त्याला वर टोपी नको असते. हा आकार मध्ययुगातही होता आणि आजही दुकानात मिळतो. त्यावरचे खड्डे झिजले की हाताचे कोणते आणि यंत्राचे कोणते, हे ओळखणे अवघड होऊन बसते. शिवाय अंगुस्तान लवकर मरत नाही. आईचे मुलीकडे जाते. माथ्याला भोक पडले तरी वापरात राहते. कधी त्याचा धंदाच बदलतो. उत्तर अमेरिकेत युरोपी व्यापाऱ्यांनी नेलेल्या अंगुस्तानांना तिथल्या मूळ रहिवाशांनी माथ्यावर भोके पाडली आणि ती कपड्यांना घुंगरांसारखी लटकवली. अशा नगाचे घडवण्याचे साल कळले, तरी हरवण्याचे साल त्याच्या कितीतरी पुढे असू शकते. डिटेक्टरवाल्याच्या हातात येते ती हरवलेली किंवा टाकलेली वस्तू असते, ताजी घडवलेली नसते, हे विसरले की पन्नास-शंभर वर्षांची चूक सहज होते.

मग चौदावे शतक, सोळावे शतक ही नावे इतक्या खात्रीने कुठून आली? ती शेतातल्या सुट्या नगांवरून आलेली नाहीत. लंडनमध्ये टेम्सच्या काठाने मध्ययुगात पुन्हा पुन्हा लाकडी बांध घालून नदीत भर टाकली गेली आणि त्या भरावात शहराचा केरकचरा गेला. बांधाच्या ओंडक्यांतली वर्षवलये मोजून लाकूड कधी तोडले हे काढता येते, भरावात नाणीही मिळतात. त्यामुळे त्या थरातली टाचणी, बक्कल, अंगुस्तान एका अरुंद कालखंडात बसते. लंडन संग्रहालयाच्या पुरातत्त्वज्ञांनी या उत्खननांतल्या वस्तूंचे जे जाडजूड खंड प्रसिद्ध केले, ते आज शेतात सापडलेल्या नगाला पारखण्याची मोजपट्टी आहेत. त्याहून चोख पुरावा बुडालेल्या जहाजांचा. आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकादलातले जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्‌समथजवळ बुडाले आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला गेला. खलाशांचे शिवणसाहित्य त्यात होते. त्यातली कुठलीही वस्तू १५४५ नंतरची असणे शक्य नाही. वर म्हटलेली दुसरी सीमा मिळते ती अशी: बंद झालेल्या जागेतून. शेतातले अंगुस्तान तिच्याशी जुळवून आपली तारीख उसनी घेते. उसनवारी भक्कम असली तर चालते; नसली तर काय होते त्याचा दाखलाही आहे. रोमन वस्तीच्या जागी मिळालेली काही अंगुस्ताने एके काळी बिनदिक्कत रोमन म्हणून मांडली गेली. एडविन होम्स या अभ्यासकाने असे नमुने तपासले, तेव्हा ती वरच्या थरांतून बिळांवाटे, खड्ड्यांवाटे खाली घसरलेली मध्ययुगीन किंवा त्यानंतरची दिसून आली. इंग्लंडमधले धातूचे रोमन अंगुस्तान म्हणून निर्विवाद दाखवावे असा नमुना त्यामुळे उरला नाही. ज्या जागेवर एवढी भिस्त ठेवायची, ती जागाही उलटतपासणीला उभी करावी लागते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एवढी खटपट कशाला, प्रयोगशाळेत धातूच तपासावा. कोळशाचे किंवा लाकडाचे वय कार्बन-१४ वरून काढतात, तसे पितळाचे काढता येत नाही, कारण त्यात मोजण्यासारखा कार्बनच नसतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने तांबे किती आणि जस्त किती हे मात्र कळते, आणि ते अगदीच निरुपयोगी नाही. युरोपात अठराव्या शतकापर्यंत पितळ बनवत ते तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवून. या रीतीने पितळात जस्ताचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या वर जात नाही. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने १७३८ मध्ये जस्त गाळण्याचे पेटंट घेतले आणि १७८१ मध्ये जेम्स एमर्सनने शुद्ध जस्त थेट तांब्यात मिसळून पितळ करण्याचे. त्यानंतर हवे तेवढे जस्त घालता येऊ लागले. (राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला जस्त गाळण्याचा उद्योग याच्या कित्येक शतके आधीपासून मोठ्या प्रमाणावर चालू होता. चँपियनच्या पेटंटचे कौतुक करताना ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत बरेचदा तळटीपेत जाते.) म्हणजे अंगुस्तानात ३५ टक्के जस्त निघाले, तर ते बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचे नसावे. पण २० टक्के निघाले तर? काहीच सिद्ध होत नाही. मोडीच्या भांड्यांपासून पितळ पुन्हा पुन्हा वितळवले जाई, त्यात काय काय मिसळे याला धरबंध नव्हता. म्हणजे प्रयोगशाळाही शेवटी एकाच बाजूची सीमा देते. ॲल्युमिनियमच्या अंगुस्तानाचे तेवढे सोपे आहे. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढण्याची रीत सापडली, त्याआधी ॲल्युमिनियम ही चैनीची वस्तू होती. तेव्हा हलके पांढरे अंगुस्तान मिळाले तर त्याला विसाव्या शतकाच्या आसपासचे म्हणायला हरकत नाही.

चांदीच्या बाबतीत लोक हॉलमार्क शोधतात, आणि तो नसला की दोन उलटसुलट चुका करतात: कुणी म्हणते ही चांदीच नाही, कुणी म्हणते ही हॉलमार्कच्याही आधीची असणार. दोन्ही चूक. इंग्लंडमध्ये चांदीवर ठसा मारण्याची पद्धत मध्ययुगापासून आहे, पण १७३९ आणि १७९० मध्ये अमलात आलेल्या कायद्यांनी हलक्या, छोट्या चांदीच्या कित्येक वस्तूंना त्यातून सूट दिली. १७९० च्या कायद्यातली वजनाची मर्यादा साधारण पावणेआठ ग्रॅम होती, आणि अंगुस्तान सहसा तिच्या आत बसे. त्यामुळे अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागातल्या अस्सल चांदीच्या अंगुस्तानांवर ठसा नसणे हीच रीत होती. ठसे नेहमीचे झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हापासूनचा नग असेल तर मात्र गणित जवळजवळ नाण्याइतके नेमके होते: बर्मिंगहॅमचा नांगर, कारागिराची आद्याक्षरे आणि वर्षाचे अक्षर यांवरून साल काढता येते. तरी इथेही एक फसवा प्रकार आहेच. हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांनी १८८४ मध्ये 'डॉर्कस' नावाच्या अंगुस्तानाचे पेटंट घेतले. चांदीच्या दोन पापुद्र्यांमध्ये पोलादाचा पत्रा, म्हणजे सुई आरपार जाणार नाही. आत पोलाद असल्यामुळे त्यावर चांदीचा हॉलमार्क नसे. जमिनीत ओल शिरली की हे पोलाद गंजून फुगते आणि वरची चांदी उकलते. अशी फाटकी चांदीची टोपी आणि आत तांबूस गंज दिसला, तर सतरावे शतक मनातून काढून टाकावे.

सतराव्या शतकातली चांदीची अंगुस्ताने वेगळीच असतात: उंच, सरळ नळीसारखी, अंगावर पट्ट्यांची नक्षी, काठाभोवती एखादे सुवचन किंवा मालकिणीची आद्याक्षरे कोरलेली. त्यांच्याच जोडीने सापडते ती नाडी किंवा फीत ओवायची चपटी सळई. एका टोकाला लांबट नेढे आणि दुसऱ्या टोकाला चक्क कानकोरणे. त्या काळच्या डच चित्रांत बायकांच्या केसांत ती खोवलेली दिसते. कानातला मळ शिवायच्या दोऱ्याला मेणासारखा लावत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वाचून तोंड वाकडे होईल, पण कानकोरणे आणि नेढे एकाच सळईवर का, याचे त्याहून चांगले उत्तर अजून कुणी दिलेले नाही. या वस्तू तेव्हा घरोघरी किती होत्या याचा अंदाज एका राजकीय टोमण्यावरून येतो. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले, तेव्हा लंडनच्या बायकांनी पार्लमेंटच्या सैन्यासाठी आपली चांदीची अंगुस्ताने आणि सळया देऊन टाकल्या, आणि विरोधकांनी त्या फौजेला 'अंगुस्ताने-सळयांची फौज' म्हणून हिणवले. गोळा झालेली चांदी वितळली. म्हणजे शेतात सापडतात ते नग शिल्लक राहिले याचे एक कारण असे, की ते तोवर हरवलेले होते.

टाचण्यांकडे वळले की तीच कथा लहान मापात दिसते. जुनी टाचणी दोन तुकड्यांची: पितळी तारेची काडी आणि तिच्या टोकाला बारीक तारेचे दोन वेढे गुंडाळून, ठोकून बसवलेले डोके. भिंगाखाली त्या डोक्यावर वेढ्याची फट दिसते. डोकी निखळण्याची तक्रार इतकी जुनी की आठव्या हेन्रीच्या राज्यात १५४३ मध्ये टाचणीचे डोके काडीला पक्के डागलेले असावे असा कायदाच झाला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणी समजावताना जो टाचण्यांचा कारखाना वर्णन केला, तिथे दहा माणसे मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करत. त्याने सांगितलेल्या अठरा कामांत डोके करणे आणि ते बसवणे ही वेगळी कामे होती. अखंड तारेचेच टोक दाबून डोके काढणाऱ्या यंत्राचे पेटंट लेम्युएल राइटने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले, आणि शतकाच्या मध्यापर्यंत एकसंध टाचणीने बाजार व्यापला. म्हणजे एकसंध डोके दिसले तर १८२४ च्या आधीचे म्हणू नये. वेढ्याचे डोके असेल तर चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत कुठेही बसवता येते, आणि हा पल्ला इतका लांब आहे की तो सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही. टेम्सच्या चिखलात अशा टाचण्या मुठीमुठीने मिळतात.

सुई मात्र जवळजवळ मिळतच नाही. अंगुस्तान जिच्यासाठी जन्मले, त्या सुईचा या सगळ्या नोंदींत मागमूस नसावा हे चमत्कारिक वाटते. कारण साधे आहे. सुई लोखंडाची किंवा पोलादाची. नांगरटीच्या मातीत ती काही दशकांत गंजून भुगा होते, आणि उरलीच तर डिटेक्टरवाला खिळे आणि पत्र्यांचा त्रास टाळायला यंत्र असे लावून ठेवतो की लोखंडाचा आवाजच येऊ नये. वूस्टरशरमधले रेडिच गाव एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतेक सुया पुरवत होते. आज तिथे फोर्ज मिल हे सुयांचे संग्रहालय आहे. त्या अगणित सुयांपैकी शेतात वाचल्या किती? बोटावर मोजण्याइतक्याही नाहीत. कात्र्यांची गतही फार वेगळी नाही. हाडाची, लाकडाची, चामड्याची साधने तर यंत्राला मुळात दिसतच नाहीत. म्हणून डिटेक्टरने काढलेल्या वस्तूंवरून 'त्या काळी शिवणकाम असे होते' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्या वस्तू एवढेच सांगतात की पितळ, चांदी आणि शिसे टिकले.

शिशाचा उल्लेख आला तो कापडाच्या सीलमुळे. इंग्लंडमध्ये विक्रीच्या कापडाची लांबी-रुंदी आणि प्रत तपासून सरकारी माणूस त्याला शिशाची दोन चकत्यांची मोहोर ठोकून लावी. ही पद्धत तेराव्या शतकापासून होती आणि १७२४ मध्ये बंद झाली. काही सीलांवर सालही असते. रशियातून येणाऱ्या अळशीच्या तंतूच्या गठ्ठ्यांनाही तपासनिसाची शिशाची सीले असत, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली अशी सीले ब्रिटनच्या शेतांत पुष्कळ मिळतात. साल कोरलेले सील हाती आले की सापडणाऱ्याला आता सगळे सुटले असे वाटते. साल खरे आहे, पण ते तपासणीचे. गठ्ठा पुढे जहाजाने आला, गोदामात पडला, गिरणीत फोडला गेला, आणि सील केरात गेले ते कुठल्या वर्षी, हे त्या अंकांत नाही. म्हणजे तारीख छापलेली वस्तूसुद्धा 'याच्या आधी नाही' एवढेच बोलते. अंगुस्तानापेक्षा ती फक्त जास्त नेमके बोलते.

राहिली जागा. इथे पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाचा आक्षेप गंभीर आहे: डिटेक्टरवाले वस्तू मातीतून उपटतात, तिचा थर नष्ट करतात, मग तुम्ही ज्याला दुसरी सीमा म्हणता ती मिळणार कशी? संरक्षित स्मारकांवर किंवा न नांगरलेल्या जमिनीत खोल खणणाऱ्यांबद्दल हे पूर्ण खरे आहे, आणि इंग्लंडात १९७९ च्या कायद्याने संरक्षित जागी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणे गुन्हाच आहे. पण नांगरटीचा वरचा वीतभर थर आधीच शेकडो वेळा उलथलेला असतो. तिथे थर मोडायला उरलेलाच नसतो. तिथे महत्त्व उरते ते ठिकाणाला, आणि तेही एकेका नगापेक्षा शेकडो नगांच्या विखुरणीला. खेड्यापासून दूर, घर नसलेल्या शेतात अंगुस्तान का सापडावे? बांधावर बसून कुणी शिवत होते, हे एक उत्तर. खरे उत्तर बहुधा उकिरडा. गावातला केर, राख, शहरातले सोनखत गाड्या भरभरून शेतात जाई आणि घरात हरवलेले अंगुस्तान, टाचण्या, गुंड्या त्याच्याबरोबर जात. म्हणजे सापडलेली जागा शिवणाऱ्या बाईची नसते. खत कुठवर पोहोचले याची असते. एका शेतात चौदाव्या शतकातले बक्कल, सोळाव्यातले अंगुस्तान आणि अठराव्यातली सीले मिळाली, तर ते शेत कोणत्या शतकांत खतावले जात होते याचा अंदाज बांधता येतो. ही माहिती उत्खननातून एवढ्या विस्ताराने मिळालीच नसती. मात्र ती मिळते फक्त तेव्हा, जेव्हा प्रत्येक नगाची जागा दहा मीटरच्या चौकटीपर्यंत लिहिलेली असते. 'अमुक परगणा' एवढी चिठ्ठी जोडलेले अंगुस्तान या कामाला शून्य उपयोगाचे.

१९९७ मध्ये सुरू झालेली आणि २००३ पासून सबंध इंग्लंड-वेल्समध्ये पसरलेली 'पोर्टेबल ॲंटिक्विटीज स्कीम' ही नोंदणी योजना नेमके हेच काम करते. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी लोकांनी आणलेल्या वस्तू पाहून, मोजून, छायाचित्र घेऊन नोंदवतात. अशा पंधरा लाखांवर वस्तूंची नोंद झाली आहे. कायदा मात्र सगळ्यांना सारखा लागत नाही. १९९६ च्या निधी कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू कळवणे सक्तीचे आहे, म्हणून सतराव्या शतकातले चांदीचे अंगुस्तान पंचनाम्यापर्यंत जाते. एकट्या सापडलेल्या पितळी अंगुस्तानाची नोंद सापडणाऱ्याच्या मर्जीवर. हौशी लोकांपैकी कित्येकजण म्हणतात, हजारो सापडली आहेत, आणखी एक नोंदवून काय होणार? वरच्या परिच्छेदातले शेत पाहा: तिथे एकुलत्या नगाला किंमत नसून संख्येलाच किंमत आहे, आणि जे सर्रास सापडते त्याचीच संख्या नकाशा काढण्याइतकी मोठी होते. हे वाचून कुणा मराठी वाचकाला डिटेक्टर मागवून गावाबाहेरच्या गढीवर जावेसे वाटले, तर आपल्याकडचे नियम वेगळे आहेत हे आधी लक्षात घ्यावे. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा व्यापार १९७२ च्या कायद्याखाली येतो. हौशी शोधकांनी आणलेली वस्तू बसून नोंदवून घेणारी इंग्लंडसारखी योजना आपल्याकडे नाही.

इंग्लंडमधल्या शोधकाला नोंदणी अधिकारी जे सांगतात त्यात पहिली गोष्ट ही की वस्तू घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश यांनी पितळ लखलखते, पण हिरव्या पापुद्र्याखालीच कारागिराची खूण, लेथच्या वर्तुळाकार रेषा आणि खड्ड्यांच्या कडा असतात. पापुद्रा गेला की त्याही जातात आणि हाताचे की यंत्राचे हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. मऊ ब्रशने सुटी माती काढायची, चेपलेले अंगुस्तान सरळ करायच्या भानगडीत पडायचे नाही, आत माती घट्ट बसली असेल तर ती तशीच ठेवायची, कारण चामड्याचा किंवा कापडाचा अस्तराचा तुकडा तिथेच अडकलेला असू शकतो. मग उंची, काठाचा व्यास आणि वजन लिहायचे, माथ्याचा आणि बाजूचा फोटो मोजपट्टी ठेवून काढायचा, आणि शेतातला नेमका बिंदू त्याच दिवशी टिपायचा, घरी येऊन आठवणीने नाही.